वडिलांच्या कपाटातील जुनी विद्युत मापन उपकरणे : मोल कसे ठरवावे आणि आधी काय करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे वडील परळच्या एका कापड गिरणीच्या विद्युत विभागात नोकरीला होते आणि गिरणी बंद पडल्यावर घरूनच दुरुस्तीची कामे करीत. त्यांच्या पश्चात कपाटातून एक ॲव्होमीटर मॉडेल ८ (प्रवाह, व्होल्टेज आणि रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मोजणारा मीटर), हाताने फिरवायचा लाकडी पेटीतला मेगर (तारांचे आवरण वीज किती अडवते, म्हणजे विद्युतरोधन, तपासणारा), पितळी प्लगांची पोस्ट ऑफिस बॉक्स (रोध मोजण्याची पेटी), काचेच्या नळ्यांचा एक स्टँडर्ड सेल (व्होल्टचे मानक असलेला सेल), काही पॅनेल मीटर आणि एक जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे उपकरण) अशा वस्तू निघाल्या. भंगारवाल्याने सगळ्यांचा मिळून वजनावर भाव सांगितला, तर एका नातेवाइकाने इंटरनेटवर अशाच वस्तूंपुढे लाखांचे आकडे लावलेले दाखवले. खरे मोल काय धरावे, घासूनपुसून विकावे का, आणि यांतले काही अजून वापरता येईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मुंबईत मापन उपकरणांचे कॅलिब्रेशन (म्हणजे मीटरचे आकडे मानकाशी ताडून पाहणे) आणि दुरुस्ती हाच माझा आयुष्यभराचा व्यवसाय राहिला असून जुनी उपकरणे गोळा करण्याची आवडही त्यातूनच लागली. त्या अनुभवावरून सांगतो की भंगारवाल्याचा भाव आणि इंटरनेटवरचा आकडा हे दोन्ही सध्या बाजूला ठेवावेत. मीटरने दाखवलेल्या आकड्यावर विसंबून कोणी तरी फ्यूज काढते, मोटर चालू करते किंवा केबल जमिनीत पुरते. त्या आकड्यावर विश्वास ठेवता यावा, हेच अशा उपकरणाचे काम असते. त्यामुळे जुन्या उपकरणाचे मोल ठरवताना मी पहिल्यांदा हे पाहतो की तो विश्वास ज्या गोष्टींवर उभा होता त्या शाबूत आहेत का : मूळ भाग, कारखान्याची पट्टी, न तुटलेले सील, सोबतचे प्रमाणपत्र आणि ज्याने ते वापरले त्याच्या नोंदी. चकाकीला या यादीत जागा नाही, किंबहुना चकाकी आणण्याच्या प्रयत्नात यांतल्याच गोष्टी नष्ट होतात. म्हणून पहिली विनंती अशी की कोणतेही उपकरण तूर्त पुसू नये, उघडू नये, त्याची बटणे उगाच फिरवू नयेत आणि विजेच्या प्लगला तर मुळीच लावू नये.

त्याऐवजी नोंद करावी. प्रत्येक उपकरणाचा समोरून, मागून आणि तळातून फोटो घ्यावा, अनुक्रमांक आणि कारखान्याचे नाव वहीत उतरवावे, पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद असेल तर तो ओढून न काढता तिथेच त्याचा फोटो घ्यावा. त्या कागदावर पुष्कळदा दुरुस्ती-तक्ता असतो, म्हणजे काटा अमुक ठिकाणी असताना खरे मूल्य किती धरावे याची सारणी, आणि तो तक्ता त्याच अनुक्रमांकाच्या उपकरणाचा असेल तर उपकरणाइतकाच मोलाचा असतो. रंगाने लिहिलेला विभागाचा क्रमांक, गिरणीचा शिक्का, लष्करी मालावर असणारी रुंद बाणाची खूण, कॅलिब्रेशनची फाटकी चिठ्ठी, यांतले काहीही खरवडू नये. वडिलांच्या वह्या आणि सुट्या चिठ्ठ्या सापडल्या तर त्या उपकरणांसोबतच ठेवाव्यात. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि त्यांच्या विद्युत विभागांतला माल लिलावांतून, दलालांकडून आणि कामगारांच्या घरांतून शहरभर पसरला. त्यामुळे अमुक मीटर कोणत्या गिरणीतल्या कोणत्या खात्यात कशासाठी वापरला जात होता, हे आज कागदोपत्री सांगता येणे फार दुर्मीळ झाले आहे. गिरणीकडून विकत घेतल्याची किंवा लिलावाची पावती मिळाली तर ती विशेष जपावी, कारण संस्थेचा शिक्का असलेली वस्तू घेताना जाणकार ग्राहक मालकीचा पुरावा विचारतो आणि त्याने तो विचारावाच.

आता एकेक वस्तू घेऊ, आणि सुरुवात ॲव्होमीटरपासून करू, कारण नातेवाइकाने दाखवलेला आकडा बहुधा त्याचाच असावा. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी यांनी अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन वेगवेगळी उपकरणे बाळगण्याच्या त्रासातून या मीटरची कल्पना काढली आणि १९२३ साली पहिला ॲव्होमीटर बाजारात आला. मॉडेल ८ हे १९५१ सालचे, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या २००८ पर्यंत बनत होत्या. एवढा दीर्घ काळ आणि एवढ्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मीळ असू शकत नाही, हे आधी समजून घ्यावे. तरीही तिला मागणी आहे आणि तिचे कारण केवळ आठवणींचे नाही. मॉडेल ८ ची डीसीवरील संवेदनशीलता दर व्होल्टला २०,००० ओहम आहे. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओंच्या सर्व्हिस पत्रकांत दिलेले व्होल्टेज पुष्कळदा अशा काट्याच्या मीटरने घेतलेले असते, आणि मीटर स्वतःच मंडलातून थोडा प्रवाह ओढत असल्याने जास्त रोध असलेल्या ठिकाणी आजचा १० मेगओहमचा डिजिटल मीटर त्याहून मोठा आकडा दाखवतो. जुना रेडिओ किंवा ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याला मूळ पत्रकाशी ताळा जमवायचा असेल तर त्या काळचा मीटर खरोखर उपयोगी पडतो. म्हणून चालू स्थितीतल्या आणि बंद पडलेल्या ॲव्होमीटरच्या किमतीत मोठे अंतर असते.

तो चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, फक्त घाई नको. वर सांगितलेली नोंद पूर्ण झाल्यावर प्रथम मागचे फक्त बॅटरीचे झाकण उघडून आत गळालेले सेल आहेत का ते पाहावे. या मीटरमध्ये १.५ व्होल्टच्या सेलबरोबर सर्वांत मोठ्या ओहम रेंजसाठी १५ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती आत विसरली गेलेली असते आणि तिच्या गळतीने पट्ट्या आणि तारा हिरव्या पडलेल्या असतात. त्यानंतर मीटर टेबलावर आडवा ठेवून काटा शून्यावर आहे का ते पाहावे, मग हळूच उजव्या आणि डाव्या अंगावर कलवून काटा शून्यापासून किती ढळतो ते बघावे. किंचित ढळला तर हरकत नाही, पण मोठ्या प्रमाणात ढळत असेल तर मीटर कधी तरी पडला आहे किंवा हालत्या भागाचा तोल बिघडला आहे. मग डावा मोठा स्विच डीसीच्या २.५ व्होल्टवर आणि उजवा स्विच त्याच्या डीसी खुणेवर ठेवून नवा १.५ व्होल्टचा सेल जोडावा. काटा अडखळत चढतो का, सेल काढल्यावर पूर्ण परत येतो का, हे डोळे जवळ नेऊन पाहावे. मध्येच अडकणारा काटा म्हणजे बहुतेक वेळा चुंबकाच्या फटीत शिरलेला लोखंडी कण असतो, आणि तो काढण्याच्या निमित्ताने चुंबक सुटा करणे ही मोठी हानी ठरते, कारण लोखंडी वर्तुळ तुटताच जुन्या चुंबकाचे बळ घटते आणि मग सगळ्याच रेंज कमी दाखवू लागतात. शेवटी ओव्हरलोड कट-आउटचे (जास्त प्रवाह आल्यास मीटर आपोआप तोडणाऱ्या स्विचचे) बटण आत बसते का ते तपासावे. बऱ्याच ॲव्होमीटरवर अनुक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांत महिना आणि वर्ष असते, उदाहरणार्थ शेवटी १२६३ असेल तर डिसेंबर १९६३. वय ठरवायला तेवढे पुरते. मूळ लीड्स (जोडण्याच्या तारा), त्यांचे क्लिप आणि चामडी पेटी सोबत असतील तर त्या वेगळ्या विकू नयेत.

मेगरकडे मी अधिक आदराने पाहतो. सिडनी एव्हरशेड यांनी १८८९ साली विद्युतरोधन मोजणारे, उचलून नेता येईल असे उपकरण तयार केले, आणि 'मेगर' हे व्यापारी नाव १९०३ साली नोंदले गेले. लंडनच्या एव्हरशेड अँड विग्नोल्स कंपनीने ते इतके पसरवले की आजही आपले वायरमन नव्या बॅटरीच्या टेस्टरनेही 'मेगर घेतला' असेच म्हणतात. हा मेगर विकायला किंवा दाखवायला नेल्यावर एक आक्षेप हमखास ऐकू येतो, की काटा शून्यावर परत येत नाही, कुठेही थांबतो, म्हणजे मीटर गेला. हा आक्षेप चुकीचा आहे, आणि त्यावरून भाव पाडू देऊ नये. हातफिरकीच्या खऱ्या मेगरमध्ये एकमेकींशी कोन करून बसवलेल्या दोन कॉइल असतात आणि काट्याला परत ओढणारी स्प्रिंग मुळातच नसते. हँडल फिरत नसताना काटा जिथे असेल तिथे राहतो, तेच त्याचे निरोगी वागणे. दोन कॉइलमधल्या प्रवाहांच्या गुणोत्तरावर वाचन ठरत असल्याने वयोमानाने चुंबक दुबळा झाला आणि ५०० च्या जागी ४०० व्होल्टच निघू लागले तरी ओहमचा आकडा मोठ्या प्रमाणात बरोबरच राहतो. मात्र त्या वेळी केबलवर जितका विद्युत दाब (व्होल्टेज) द्यायला हवा तितका दिला जात नाही, म्हणून अशा मेगरने आज प्रत्यक्ष कामाचे प्रमाणपत्र देणे योग्य नाही.

त्याची तपासणी अशी करावी. दोन्ही टोके मोकळी आणि एकमेकींपासून दूर ठेवून हँडल एकसारखे, मिनिटाला साधारण १६० फेरे पडतील अशा वेगाने फिरवावे. काटा अनंताच्या खुणेवर जायला हवा. मग टोके एका जाड तारेने जोडून हँडल हळूच अर्धा फेरा फिरवावे. काटा शून्यावर यायला हवा. टोके मोकळी असतानाही काटा अनंतापर्यंत जात नसेल तर मुंबईत पहिला संशय ओलाव्यावर घ्यावा, कारण आतल्या रोधनावर आणि पट्टीवर पावसाळ्यात जमलेली ओल हीच तिथे मोजली जात असते. पेटी उन्हात ठेवू नये. कोरड्या खोलीत काही आठवडे जाऊ द्यावेत आणि मग पुन्हा पाहावे. हँडल फिरवताना टोकांना हात लावू नये, ५०० किंवा १००० व्होल्टचा झटका वयस्क माणसाला धोक्याचा ठरू शकतो, आणि घरात लहान मुले असतील तर हँडल काढून वेगळे पण हिशेबात राहील असे ठेवावे. मेगरचे मोल त्याच्या लाकडी पेटीत, मूळ पॉलिशमध्ये, चामड्याच्या पट्ट्यात आणि तबकडीवरच्या छपाईत असते. पेटीला नवे पॉलिश केले की संग्राहक पाठ फिरवतो.

या सगळ्या संचात मला स्वतःला सर्वांत जास्त कुतूहल पोस्ट ऑफिस बॉक्सचे आहे, आणि भंगारवाल्यालाही तिचेच असणार, कारण तिच्यावर पितळ दिसते. सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडलेले आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये लोकांपुढे आणलेले सेतुमंडल (माहीत असलेल्या रोधांशी ताडून अज्ञात रोध काढणारे विद्युत मंडल) एका पेटीत बसवून तारयंत्र खात्यासाठी ही पेटी तयार झाली. १०, १०० आणि १००० ओहमच्या गुणोत्तर-भुजा आणि सर्व प्लग काढल्यावर एकूण ११,११० ओहम होणारी तिसरी भुजा, ही तिची नेहमीची मांडणी आहे. आपल्या कॉलेजांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती अगदी अलीकडेपर्यंत होती, त्यामुळे अंबाल्याहून येणाऱ्या शैक्षणिक दर्जाच्या पेट्या भरपूर मिळतात आणि त्यांना शोभेच्या वस्तूपलीकडे भाव नाही. पण पेटीवर कॅम्ब्रिज इन्स्ट्रुमेंट, एच. टिन्स्ली, एलियट ब्रदर्स किंवा सीमेन्स यांच्यापैकी कोणाचे नाव कोरलेले असेल, प्रत्येक प्लग जागेवर असेल, आणि इंग्लंडमधील टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे किंवा कोलकात्यातील अलिपूरच्या सरकारी चाचणीगृहाचे प्रमाणपत्र सोबत असेल तर ती वेगळ्याच श्रेणीत जाते.

तिला ब्रासो (पितळ घासायचे पॉलिश) लावू नये, हे मी अधिक स्पष्ट करून सांगतो. प्लग आणि त्याची जागा दोन्ही शंकूच्या आकाराची असून एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, आणि प्लग पूर्ण बसल्यावर तिथला रोध नगण्य राहावा हीच त्या कारागिरीची परीक्षा असते. पॉलिशची पूड त्या फटीत गेली की संपर्क बिघडतो, आणि पॉलिशचा द्रव खालच्या काळ्या एबोनाइटवर पसरला की तो आणखी नुकसान करतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उजेडात ते काळ्याचे तपकिरी-हिरवट होत जाते आणि त्याच्या पृष्ठभागावर आम्लाचा सूक्ष्म थर येतो. मुंबईच्या हवेत तो थर ओल धरतो आणि पितळी तुकड्यांच्या दरम्यान विद्युत गळती सुरू होते. यावर उपाय म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने पृष्ठभाग हलकेच पुसणे आणि लगेच कोरडे करणे, एवढाच. प्लग मऊ कोरड्या कापडाने पुसावेत आणि साठवताना घट्ट पिळून बसवू नयेत. आत मँगॅनिन या मिश्रधातूच्या तारेच्या कॉइल असतात, ज्यांचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही. मात्र त्यांच्यावरचे लाखेचे लेपन ओलाव्याने फुगते आणि तार ताणली जाऊन रोध बदलतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रोझा आणि बॅबकॉक यांनी १९०७ साली हे दाखवून दिले आणि त्यातूनच रोझा यांनी हवाबंद मानक रोध घडवले. परळच्या कपाटात इतके पावसाळे काढलेल्या पेटीकडून मूळ अचूकतेची अपेक्षा करू नये, पण तिची आजची खरी मूल्ये मोजून त्यांचा तक्ता तिच्यासोबत ठेवला तर ती प्रामाणिक वस्तू ठरते आणि घेणाऱ्यालाही ते पटते.

स्टँडर्ड सेलबाबत फार थोडक्यात पण गंभीरपणे सांगतो. एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये तयार केलेल्या या सेलमध्ये पारा आणि कॅडमियमची संयुगे असतात. तो सुमारे १.०१८ व्होल्ट इतका स्थिर दाब देतो म्हणून कित्येक दशके व्होल्टचे मानक म्हणून तो वापरला गेला. त्याला साधा मीटर लावून 'चालू आहे का' पाहू नये, कारण प्रवाह ओढला की त्याचे मानकपण जाते. तो कलवू नये, उलटा करू नये, कुरिअरने पाठवू नये. काच तडकलेली किंवा पांढरे-करडे काही बाहेर आलेले दिसले तर हातमोजे घालून तो सीलबंद डब्यात ठेवावा आणि घातक कचरा हाताळण्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यावा. भंगारवाल्याला देऊ नये. तबकडी अंधारात चमकावी म्हणून रंग लावलेले विमानातले किंवा लष्करी मीटर संचात असतील तर त्यांनाही वेगळे ठेवावे, कारण त्या काळच्या अशा रंगात रेडियम असे आणि काच उघडून ती पूड मोकळी करणे अपायकारक आहे.

पॅनेल मीटर सुटे असतील तर त्यांना फारसा भाव येत नाही. गिरणीच्या मूळ स्विचबोर्डाच्या संगमरवरी किंवा स्लेटच्या फळीसकट असते तर गोष्ट निराळी होती. तरी त्यांत वेस्टनचा किंवा कॉम्प्टनचा जुना, पितळी कड्याचा मीटर निघाला तर तो बाजूला काढावा. भारतीय नावांकडेही दुर्लक्ष करू नये असे माझे ठाम मत आहे. वडाळ्याच्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिकचे 'एई' मीटर, नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर, मेकोचे मीटर, ही आपल्या उद्योगाच्या घडणीची साक्ष आहे, आणि परदेशी नावांच्या मागे धावताना आपण ती किलोवर घालवत आहोत. आज त्यांना भाव कमी आहे, म्हणूनच नव्या संग्राहकाने इथून सुरुवात करावी, असे मी सुचवतो.

ऑसिलोस्कोपचे मोल त्याच्या जातीवर आहे. टेक्ट्रॉनिक्सचा ५०० मालिकेतला व्हॉल्व्हवाला स्कोप असेल तर त्याला जाणकार मागणी आहे. आतल्या चिनी मातीच्या पट्ट्यांवर चांदीमिश्रित सोल्डरच वापरायचे असते, साध्या सोल्डरने दुरुस्ती केलेला स्कोप त्यामुळे ओळखूही येतो. ठाण्याच्या ॲपलॅबसारख्या भारतीय कंपनीचा नंतरच्या काळातला स्कोप असेल तर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा हॅम रेडिओवाल्याला तो वाजवी किमतीत द्यावा. कुठलाही असो, इतकी वर्षे बंद असलेला स्कोप थेट २३० व्होल्टवर लावू नये. पाठीवर ११५ व्होल्ट लिहिले आहे का ते आधी पाहावे. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात; जाणकार माणूस आधी ते मोजतो, शंका असलेले बदलतो, आणि मग सिरीज बल्ब (प्रवाह मर्यादित राहावा म्हणून ओळीने जोडलेला बल्ब) आणि डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारे यंत्र) लावून दाब हळूहळू वाढवतो. बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबच्या मंडलात हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात, त्यामुळे घरच्या कोणी झाकण उघडू नये.

आता भावाकडे येतो. भंगाराचा भाव म्हणजे तांबे-पितळेचे वजन. तो किमतीचा तळ आहे, त्याहून खाली जाण्याचे कारण नाही. इंटरनेटवरचा लाखांचा आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा आहे. खरा भाव पाहायचा असेल तर लिलावाच्या संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहता येते, ती पाहावी; त्याच मॉडेलचे, तशाच स्थितीतले व्यवहार शोधून त्यांतला मधला आकडा घ्यावा, सर्वांत वरचा नव्हे. परदेशातल्या किमतीचे रुपयांत रूपांतर करून तीच इथे धरणेही बरोबर नाही, कारण मेगर आणि ॲव्होमीटर जड आहेत आणि पाठवण्याचा खर्चच पुष्कळदा वस्तूच्या भावाइतका होतो. मुंबईत घेणारे तीन प्रकारचे असतात. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटचा व्यापारी शोभेसाठी घेतो. हॉटेलांची सजावट आणि चित्रपटांचे सेट हे त्याचे ग्राहक, त्यामुळे तो लाकूड, पितळ आणि मोठी तबकडी पाहतो आणि वस्तू चालू आहे का हे विचारत नाही. लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवाला चालू आहे का एवढेच पाहतो. संग्राहक मात्र मूळपणा, कागद आणि इतिहास पाहतो, वेळ घेतो, आणि पटले तर या दोघांपेक्षा जास्त देतो. एकाच संचातल्या वस्तू वेगवेगळ्या लोकांकडे जाव्यात, हे म्हणून स्वाभाविक आहे. सगळे एकरकमी घेतो म्हणणारा बहुधा एका वस्तूसाठीच आलेला असतो, आणि ती कोणती हे त्याने आधी उचललेल्या वस्तूवरून समजते.

वर्णनावरून या संचाची उतरती भाजणी मी अशी लावेन : पोस्ट ऑफिस बॉक्सवर नामवंत कारखान्याचे नाव असेल तर ती सर्वांत वर, मग लाकडी पेटीतला मेगर, मग ॲव्होमीटर चालू असल्यास तो, त्यानंतर स्कोप आणि शेवटी पॅनेल मीटर. स्टँडर्ड सेलला विक्रीची वस्तू म्हणून मी धरतच नाही. गिरणीचा संदर्भ कागदांनी सिद्ध होत असेल तर मात्र ही भाजणी बदलते, कारण मग संच म्हणूनच त्याला मोल येते आणि तो फोडू नये.

परदेशी ग्राहक भेटला तर एक कायदेशीर बाब लक्षात असावी. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी, गतकाळातील विज्ञानावर प्रकाश टाकणारी वस्तूही पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२० च्या आधीची पोस्ट ऑफिस बॉक्स किंवा मेगर आज या मर्यादेत येतो. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय पार्सल करू नये.

निर्णय होईपर्यंत साठवण नीट हवी. लोखंडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवलेले उपकरण जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त खराब होते. समुद्राजवळच्या भागात खारी हवा पितळ आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा हिरव्या करते, आणि कॉइलची तार एका ठिकाणी तुटली की तो मीटर जवळजवळ दुरुस्तीपलीकडे जातो. सुती कापडात गुंडाळून, भिंतीपासून दूर, सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवावे आणि त्या पिशव्या दर महिन्याला तापवून कोरड्या कराव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, कारण आतली ओल आतच राहते. सगळे मीटर आडवे ठेवावेत, आणि स्पीकरसारख्या मोठ्या चुंबकाजवळ ठेवू नयेत.

वापराबाबत : ॲव्होमीटर रेडिओच्या दुरुस्तीत, सेल-बॅटरीच्या कामात आणि विद्यार्थ्याला काट्याचे मीटर शिकवण्यासाठी खुशाल वापरावा, पण नव्या, उत्तम रोधनाच्या लीड्स लावून. जुन्या रबरी लीड्स तडकलेल्या असतात. त्या मूळ म्हणून जपाव्यात, वापरू नयेत. इमारतीच्या मुख्य पॅनेलवर किंवा मीटर रूममध्ये मात्र यांतले एकही उपकरण नेऊ नये. तिथे शॉर्ट झाल्यास वाहणारा प्रवाह प्रचंड असतो, आणि आजच्या मीटरवर ज्या सुरक्षा श्रेणी छापलेल्या असतात त्या श्रेणींचा विचार या उपकरणांच्या काळी झालेलाच नव्हता.

पुढचे मूल्यमापन नेमके करायचे असेल तर पोस्ट ऑफिस बॉक्सच्या एबोनाइटवर कोरलेले नाव, मेगरच्या तबकडीवरचा व्होल्टचा आकडा आणि अनुक्रमांक, ॲव्होमीटरचा पूर्ण क्रमांक, आणि कपाटात मिळालेली प्रत्येक पावती वा प्रमाणपत्र, यांचे दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय घेतलेले फोटो पाठवावेत. विक्री ठरली तर अनुक्रमांक आणि स्थिती लिहिलेली पावती दोन प्रतींत करावी, 'शोभेची व संग्रहाची वस्तू, कॅलिब्रेशन केलेले नाही' असा स्पष्ट उल्लेख तिच्यावर असावा, आणि वडिलांच्या नोंदींच्या मूळ वह्या घरी ठेवून त्यांच्या झेरॉक्स प्रती ग्राहकाला द्याव्यात.